राखणदाराचा जोड

बारा इंच आणि वर दोन बोटं.
हे माप आमच्या घरी कागदावर नाही,
काथ्याच्या एका दोरीत आहे.
एक गाठ टाचेची, एक अंगठ्याची,
आणि मधे एक, आज्याच्याही आधीची,
कशाची ते कुणी सांगितलं नाही.
आम्ही तीही मोजतो.

चोडणच्या खाजनात, मांडवीच्या बांधावरून
रात्री जो फिरतो, त्याच्या पायाचं हे माप.
त्याला काठी लागते, कांबळ लागते,
रोट, विडी, फेणीचा एक घोट,
आणि वहाणा.
बांधावर कालवांच्या कवच्या असतात सुरीसारख्या,
देव झाला म्हणून काय,
तळवा तो तळवाच.

माघातल्या पुनवेला मानशीपाशी गर्दी.
कोरगुट पेरणारे गावडे,
शेवटे विकणाऱ्या बाया, ओल्या ओच्यांच्या,
मानशीचं दार चढवणारा-उतरवणारा कायतान,
तो मेणबत्ती लावायचा आणि म्हणायचा,
"सायबाला विचारून आलोय."
वडाखाली आमचा नवा जोड,
वडाच्या अलीकडे आम्ही.
वहाणांना पलीकडे जायची मुभा होती,
शिवणाऱ्या हातांना नव्हती.
गेल्या सालचा जोड गावकर
काठीच्या टोकानं आमच्याकडे सरकवायचा.
बाबा तो उचलून आधी नाकाशी धरत.

मग तळ वाचत,
पोस्टमन पुसट पत्ता वाचतो तसे.
डावी टाच बाहेरून झिजलीय:
उगवतीकडे बांध कललाय.
अंगठ्याशी मीठ फुललंय:
मानशीच्या फळ्या गळतायत.
शिवण उसवलेली दिसली की गप्प बसत जरा,
"धावावं लागलं त्याला. श्रावणातल्या उधाणाला."
गावकर हसायचा.
आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं
पेंढा आणि चिखल घेऊन
बरोबर उगवतीकडेच जायची.

बाबा भाद्रपदात गेले.
माघात जुना जोड सरकत आला माझ्याकडे,
कोरा.
म्हणजे अर्ध्या सालाचा घासलेला, पुढे कोरा.
गावकर म्हणाला, देव रुसला.
कुणी म्हणालं, बार्जांच्या भोंग्यांना कंटाळला.
कायतान म्हणाला, फेरीत बसून गेला असेल रायबंदरला,
त्याला कोण तिकीट विचारतो?
सगळे हसले. तो हसला नाही.

घरी वाशाला टांगलेले अकरा जोड होते.
एकेक खाली काढला, आत हात घातला.
बोटांचे खळगे होते चामड्यात,
पण अंगठ्याच्या जागी नव्हते,
खूप मागे होते.
आणि टाचेत घट्ट कोंबलेली चिंधी,
आईच्या जांभळ्या लुगड्याची.
त्याआधीच्या जोडांत दुसरी,
जी मी ओळखत नाही,
आजीची असेल.
दोरी आणून लावली.
मधली गाठ
चिंधीच्या टोकावर बसली,
बरोबर.

बाबा मासे मारायला जातात
असं आई सांगायची.
मासे क्वचितच यायचे.

यंदाचा जोड मी शिवला, दिला, देव पावला.
दुसऱ्या रात्री वडाशी गेले. अलीकडून नाही,
सरळ.
फोंड्याच्या दुकानातला माझा निळा युनिफॉर्म
फाडून आणला होता. दोन्ही टाचांत भरला.
पहिली पन्नास पावलं पडत-झडत.
मग चिखलानंच शिकवलं, पाय कसा ओढायचा.
नदी डाव्या हाताला, काळी, भरत आलेली.
उजवीकडे शेत, नदीपेक्षा खोल,
झोपलेलं.

कुर्लीच्या बिळातून पाणी आत येताना
फार बारीक आवाज होतो,
कुणीतरी दातांतून शीळ घालावी तसा.
बसले. मूठभर चिखल, टाच रोवून दाबला.
शीळ थांबली.
पुढे आणखी एक होती.

मानशीपाशी विडीचा ठिपका लाल दिसत होता.
माझी फरफट ऐकून तो हलला.
कायताननं कोण म्हणून विचारलं नाही.
विडी पायाखाली विझवली,
टोपी काढली,
आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला,
मी पुढे निघून जाईपर्यंत.